दाढीवाल्या फुलाचं वर्ष

दिलेला शब्द माणसापेक्षा मोठा असतो, आणि गेलेल्या माणसाला दिलेला शब्द तर आयुष्यापेक्षाही मोठा, असं आमच्या घरात मानलं जाई. प्रत्यक्षात असा शब्द आमच्या घरात एकदाच दिला गेला. तो एका कावळ्याच्या साक्षीने दिला गेला, आणि त्या वेळी कावळ्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

मी नववीत होते. आईने दिवाळीचा फराळ करून डबे भरले आणि ती आजारी पडली. आधी ताप म्हणाले, मग कावीळ म्हणाले, आणि तुळशीच्या लग्नाआधी सगळं संपलं. आम्ही तेव्हा जुन्या पनवेलमध्ये तळ्यापासून दोन गल्ल्या आत एका बैठ्या घरात भाड्याने राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे चार खाटा मावतील एवढं परस. माझे बाबा तळोज्याला रंगाच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला हे लिहिणं त्यांचं काम, आणि त्या कामाने माणसाचा होतो तसा त्यांचा स्वभाव झाला होता. ते कुणालाच कशाबद्दल काही म्हणत नसत, पण त्यांच्या लक्षात सगळं असे. आई गेली तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. लोकांना वाटलं त्यांना वेड लागलं. मला ते अगदी बरोबर वाटलं. मीही तेव्हा घड्याळाकडेच बघत होते.

मी रडले नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. बायका मला कुशीत घ्यायच्या, माझं डोकं दाबून धरायच्या आणि वाट बघायच्या, तेव्हा मला त्यांच्या पदराचा वास, बांगड्यांचा गारवा, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर एवढंच कळायचं. दाढ काढण्याआधी सुई टोचल्यावर आपला गाल आपलाच असतो, पण दुसऱ्याचा वाटतो. तसं मला सगळंच दुसऱ्याचं वाटत होतं. शाळेची साधी वही मला उघडता येत नव्हती आणि उघडली तर मिटता येत नव्हती. रडणं नंतर कधीतरी होईल, अशी माझी कल्पना होती. ते राहून गेलं. आता मी साठी ओलांडली, खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहते, नव्या विमानतळाची विमानं डोक्यावरून जातात, तेव्हा खिडकीच्या काचा हलतात. अजूनही कुणी विचारलं की मला सांगावं लागतं, नाही, तेव्हा रडले नव्हते, आणि नंतर वेळ झाला नाही.

घरात आवाज कमी झाले होते. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, पेणहून आली होती. तिच्या नियमाप्रमाणे सुतकात भाजी-आमटीला फोडणी द्यायची नाही. त्यामुळे मोहरीचा तडतडाट नाही, कढईत पळी आपटणं नाही. पाण्यात शिजलेलं वरण, पाण्यात शिजलेला दुधी. शेजारी मात्र दिवाळी शिल्लक होती. मधूनच एखादा लवंगी फटाका वाजे आणि मग पोराला कुणीतरी दटावे, "अरे, तिकडे सुतक आहे." मांडणीवर आईने भरलेले डबे तसेच होते. चकली, चिवडा, शंकरपाळे. सुतकात ते खावेत की नाहीत, यावर घरात चर्चा झाली आणि निर्णयासाठी प्रश्न आप्पांकडे गेला.

आप्पा बाबांचे लांबचे काका. गावातल्या चार समित्यांचे ते अध्यक्ष होते आणि पाचवीचे होऊ पाहत होते. ते साधं बोलत नसत, मांडत असत. "ह्या विषयाला दोन बाजू आहेत," ते फराळाच्या डब्यांकडे बघत म्हणाले. "तूर्त डबे उघडू नयेत. तेराव्यानंतर पुनर्विचार व्हावा." पुनर्विचार होईपर्यंत चकल्या सादळल्या. रात्रीच्या जेवणानंतर मी आणि बाबा मागच्या पायरीवर बसून त्यातली एकेक खायचो. सादळलेली चकली वाजत नाही, त्यामुळे आत्याला कळलं नाही.

आठव्या दिवशी पोस्टमन आईच्या नावाचं पार्सल घेऊन आला. पत्त्यावरचं नाव वाचून तो उंबऱ्याबाहेरच थांबला. त्यालाही बातमी कळली होती. बाबांनी सही केली. खोक्यात भुसा होता आणि भुशात सहा वेडेवाकडे, सुरकुतलेले, मातकट कंद. आत्याने एक उचलून नखाने खरवडला. "आलं आहे," ती म्हणाली. "तेही जून. एवढ्या लांबून आलं मागवायचं? पेणला म्हटलं असतं तर पाठवलं नसतं का मी?" तिने सुरीने त्याचे दोन तुकडे केले, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि ते मोरीत टाकले. उरलेले पाच बाबांनी तिच्या पुढ्यातून उचलून घेतले.

खोक्याच्या तळाशी इंग्रजीत छापलेलं एक पत्रक होतं. हिमाचलातल्या कुठल्याशा रोपवाटिकेचं. त्यावर एका फुलाचं चित्र. तीन पाकळ्या वर, तीन खाली झुकलेल्या, आणि खालच्या पाकळ्यांवर सुरवंटासारखी पिवळी लव. नाव दाढीवाला आयरिस. वर्षातून दोनदा फुलणारी जात.

"फुलाला दाढी?" आत्या म्हणाली. "हे असलं तिला कोण सांगायचं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आई शाळेत चित्रकला शिकवायची. जवळजवळ वीस वर्षं तिच्यापुढे मुलांनी जास्वंद काढलेली होती. पाच पाकळ्या, मधे दांडा, मागे दोन डोंगर आणि त्यांच्या फटीतून सूर्य. ती एकदा मला म्हणाली होती, "मला असं फूल पाहिजे की जे एकाही पोराला काढता येणार नाही." मला वाटलं, थकली आहे म्हणून बोलते. तिने ते मागवलंच होतं, हे तेव्हा कळलं.

दहाव्याला नदीवर जायचं होतं. मुलींनी जायचं नसतं, असं आत्या म्हणाली. "ती येईल," बाबा म्हणाले. त्या दहा दिवसांत ते एवढं एकच वाक्य ठामपणे बोलले. गाढी नदीच्या काठावर विधी झाले, भाताचे पिंड मांडले, आणि आम्ही पंधरावीस माणसं मागे सरून उभी राहिलो. कावळा शिवेना. तो होता, समोरच्या उंबरावर बसलेला. दोन फांद्या खाली यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि परत वर जायचा.

कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे असं समजतात. मग नातेवाइकांनी एकेक वचन मोठ्याने सांगायचं. बरोबर इच्छेचं वचन निघालं की कावळा येतो. आप्पांनी हे काम ताबडतोब हातात घेतलं. ऊन कडक होतं म्हणून त्यांनी डोक्यावर मोठी काळी छत्री धरली होती, आणि ते पिंडाच्या सगळ्यात जवळ उभे होते.

"शुभाला आम्ही पदवीपर्यंत शिकवू!" त्यांनी माझ्याकडे हात करून उंबराला उद्देशून जाहीर केलं. कावळा हलला नाही. "पदव्युत्तर!" आप्पा म्हणाले.

"पाटल्या शुभालाच देऊ गं बाई," आत्या म्हणाली. आईच्या पाटल्या सांभाळायला म्हणून तिच्याच हातात होत्या. कावळ्याने पंख साफ केले.

"माहेरच्यांचा मान राखू." नाही. "शाळेत तुझ्या नावाने चित्रकलेचं बक्षीस ठेवू." नाही. गुरुजींनी घड्याळात पाहिलं. त्यांना अकरा वाजता दुसरीकडे जायचं होतं.

आप्पांनी आवाज खाली आणला. "वसंतराव, स्पष्ट बोलतो. बायकांचं मन एकाच गोष्टीत असतं. दुसरं लग्न करणार नाही असं सांगा. येईल लगेच."

"अहो आप्पा, भलतंच काय!" आत्या एकदम पुढे आली. "असं पक्कं कशाला सांगून बसायचं? जेमतेम चाळिशीचा माणूस. पुढचं कुणी बघितलंय? पाहिजे तर म्हण, वसंता, की मुलीला अंतर देणार नाही."

"मोघम चालत नाही, अक्का. कावळा आहे तो."

मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी छत्री बघत होते. वाऱ्याने तिची एक काडी निघालेली बाजू फडफडायची, आणि दर वेळी ती फडफडली की कावळा वरच्या फांदीवर जायचा. नववीच्या मुलीला कळण्यासारखं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगावं असं वाटण्यासाठी काहीतरी वाटायला हवं होतं.

थोड्या वेळाने बाबा पुढे गेले. आप्पांच्या जवळून जाऊन ते पिंडापाशी उकिडवे बसले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "तुझे कंद आले आहेत. लावतो. त्यांना फूल येईपर्यंत मी दुसरं काहीही करणार नाही."

आप्पांची छत्री मिटलेली होती. कावळा खाली आला, भात उचलला आणि गेला. बायकांनी हात जोडले. आप्पांनी डोळे पुसले आणि गुरुजी सामान गोळा करायला लागले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की आमच्या घरी आता हिमाचलातलं फूल फुलल्याशिवाय कुणाची सुटका नाही. आईचीही आणि बाबांचीही.

कंद लावले मंजुळाबाईने. ती बेलपाड्याची. आठवड्यातून दोनदा टोपलीत भाजी घेऊन यायची, आमच्या पायरीवर पाय पसरून बसायची आणि आईच्या हातचा चहा प्यायची. आई गेल्यावर ती पहिल्यांदा आली तेव्हा टोपली खाली ठेवून माझ्याशेजारी बसली, आणि मग भाजी न विकताच उठून गेली. जिच्या शेजारी बसणं मला जड झालं नाही, अशी त्या दिवसांत ती एकटीच. बाबांनी तिला कंद दाखवले.

"ही तं हलदीची भैन हाय," तिने बघताबरोबर सांगितलं. "तुमी वीतभर खाली पुरा. वरती शेणखत घाला, पानी घाला. मंग बगा कशी येतं."

आता मला यातला विनोद दिसतो. बाबांच्या खिशात छापील पत्रक होतं. पण त्यांच्या लेखी कागद हा कागद होता आणि मंजुळाबाई ही मंजुळाबाई. आमच्या भागात कंद म्हटला की हळद, आलं, सुरण, कोनफळ. सगळे खाली पुरायचे, वर ओल ठेवायची. आम्ही पाची कंद वीतभर खाली पुरले. थंडीत जमिनीतून तलवारीच्या पात्यांसारखी पानं वर आली, पंख्यासारखी एकात एक बसलेली. आत्याने ती बघायला शेजारणी आणल्या. शिमग्यापर्यंत पानं पिवळी झाली आणि मुळापासून आडवी पडली. बाबांनी उकरलं. तीन कंदांचा चिखल झाला होता. सडक्या बटाट्यासारखा वास हाताला दोन दिवस राहिला. चौथ्यातलं बोटभर आणि पाचव्यातलं अर्धं, एवढंच घट्ट उरलं होतं.

त्या रात्री बाबांनी शब्दकोश घेऊन पत्रक पहिल्यापासून वाचलं. नंतर त्यांनी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटला आणि त्यांनी तो मागून चिकटवला. कंद पुरायचा नाही, मातीवर ठेवायचा. तळ्यात बसलेल्या बदकासारखी त्याची पाठ उघडी हवी, तिला ऊन लागायला हवं. पाणी तुंबता कामा नये. मातीत चुना असेल तर उत्तम. मंजुळाबाईला हे वाचून दाखवलं तेव्हा तिने कमरेवर हात ठेवले. "म्हंजे लावायचाच नाय? नुसता ठेवायचा? मंग त्यांना माती तरी कशाला लागतं?"

बाबांनी परसात विटांच्या तुकड्यांचा आणि वाळूचा गुडघाभर उंच ओटा केला. चुन्यासाठी त्यांनी आईचा शाळेचा डबा काढला. त्यात रंगीत खडूंचे उरलेले तुकडे होते. ते त्यांनी पाट्यावर वाटले आणि वाळूत मिसळले. नंतर बरेच दिवस ओट्याला पाणी घातलं की खालून कधी गुलाबी, कधी निळं पाणी झिरपायचं. आत्या म्हणाली, "निदान मला विचारायचं. कळीचा चुना होता की घरात." बाबांनी पाटा धुऊन जागेवर ठेवला. पावसाळ्याआधी त्यांनी ओट्यावर चार बांबू रोवून पत्रा टाकला. पनवेलचा पाऊस चार महिने त्या पत्र्यावर पडत होता. स्वयंपाकघरात बोललेलं ऐकू येत नसे, आणि त्याबद्दल मी तरी त्या पत्र्याची आभारी होते.

कारण स्वयंपाकघरात रोह्याबद्दल बोलणं चाले. आत्या तेरा दिवसांसाठी आली होती ती वर्षभर राहिली, आणि तिने बाबांसाठी रोह्याची एक शिक्षिका बघून ठेवली होती. पुढे मी त्यांना मनात रोह्याच्या बाई म्हणत असे. बाबा दर वेळी एकच सांगत, "फूल येऊ दे, अक्का." आत्याचाही त्या कावळ्यावर विश्वास होता, त्यामुळे तिला पुढे बोलता येत नसे. ती मग फूल लवकर यावं म्हणून ओट्यासमोर उदबत्ती लावू लागली. श्रावणात एकदा तिने त्या बाईंना काही निमित्ताने घरी आणलंच. त्यांनी ओटा पाहिला, पत्रा पाहिला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे अबोली बरी येते. तिला काही करावं लागत नाही." मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी लसणाची सणसणीत फोडणी देऊन आमटी केली. मी तीन वेळा भात घेतला. तिसऱ्या वेळी मान वर केली तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. त्या बाई चांगल्या होत्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आप्पांनी मधल्या काळात आमच्या ओट्याचा विषय चारही समित्यांत मांडला होता. रविवारी ते लोकांना घेऊन येत आणि परसात उभं राहून सांगत, "एक सामान्य कामगार, आणि हे त्याचं व्रत!" लोक ओट्याकडे बघत. ओट्यावर चार हिरवी पानं असत. एका गृहस्थांनी विचारलं, "हे कांद्याचं आहे का?" वर्षश्राद्धाच्या दिवशी बाबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, असंही आप्पांनी ठरवून टाकलं. फूल आलं तर व्रतपूर्तीचा आणि नाही आलं तर निष्ठेचा. भाषण दोन्हीकडे चालेल असं त्यांनी लिहून ठेवलं होतं.

बाबा कारखान्यात गेले की ओट्याकडे बघणं माझ्याकडे होतं. गोगलगायी उचलायच्या, पत्र्याचं गळकं भोक डांबराने बुजवायचं, कंदाच्या पाठीवर आलेली माती बोटाने झाडायची. वर्षभर मी हे केलं, आणि वर्षभर मला मनातून ते फूल यायला नको होतं. हे मी तेव्हा इतकं स्पष्ट म्हटलं नसतं. मला एवढंच दिसत होतं की फूल येईपर्यंत सगळं आहे तिथे थांबलेलं आहे. आईची साडी खुंटीवर, बाबा संध्याकाळी पायरीवर आणि मी त्यांच्या शेजारी. फूल आलं की कुणीतरी ती साडी घडी घालून ठेवेल.

वर्षश्राद्धाला आठ दिवस असताना, अर्ध्या कंदाच्या पंख्यातून एक जाड दांडा वर येताना दिसला. पानासारखा चपटा नाही, गोल. त्याच्या टोकाला कागदासारख्या पापुद्र्यात काहीतरी गुंडाळलेलं. मी तो दोन दिवस कुणाला दाखवला नाही. आत्याला परसात येऊ दिलं नाही, गोगलगायी खूप झाल्या आहेत म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या निजल्यावर मी ओट्याशी बसले आणि अंगठ्याचं नख त्या दांड्याला लावलं. फार जोर लागला नसता. नख थोडं रुतलं, हिरवं पाणी आलं. मला काही वाटत नव्हतं. भेंडी मोडताना जेवढं वाटतं तेवढंच.

तेवढ्यात बाबांची सायकल वाजली. त्यांची पाळी त्या दिवशी लवकर सुटली होती. ते मागे आले आणि माझ्याशेजारी बसले. मी हात काढला, पण दांडा झाकून बसले. आणि मग वर्षभर न सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. त्या दिवशी कावळा तुमच्या वचनामुळे आला नाही, आप्पांची छत्री मिटली म्हणून आला. त्याला छत्रीची भीती वाटत होती. म्हणजे ते वचन मोजायचं नाही. फूल आलं काय आणि नाही आलं काय, आपण आहोत तसेच राहू शकतो.

एवढी लांब वाक्यं मी त्या वर्षात बोलले नव्हते. बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"छत्री मिटा म्हणून आप्पांना मीच सांगितलं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"पुढे जाताना. हळूच."

"तुम्हाला माहीत होतं? मग आधीच का नाही सांगितलं? आपण सगळे उन्हात उभे होतो."

"आधी आप्पा बोलत होते, मग अक्का बोलत होती. त्यांच्यातल्या एखाद्या वाक्यावर येऊन बसला असता तो." त्यांनी चष्मा लावला. "सरक जरा. काय झाकून बसली आहेस?"

मी सरकले. ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. नखाची खूण त्यांना दिसली असणारच. कोण किती मिनिटं उशिरा आलं हे न विचारता ज्याला कळे, त्या माणसाला ती न दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं आणि पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर वेळ लिहिली. मग आत जाऊन चहा ठेवला. दोन कप. माझा मी प्यायले. तो गोड होता, एवढं आठवतं.

फूल नेमकं वर्षश्राद्धाच्या सकाळी उघडलं. आप्पांनी याचा अर्थ लगेच लावला, पण मला वाटतं त्याचं कारण दोन दिवस पडलेली थंडी असावं. पत्रकातलं चित्र गर्द जांभळं होतं. आमचं फूल फिक्कट चहाच्या रंगाचं निघालं, दुधाचं प्रमाण चुकलेल्या चहाच्या. दाढी मात्र पिवळी होती. दांडा नखाच्या खुणेपाशी थोडा वाकडा वाढला होता. मंजुळाबाईने ते बघून विचारलं, "एवड्यासाटी?" आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बरा हाय, बरा हाय."

जेवणं झाल्यावर परसात खुर्च्या मांडल्या. आप्पा वीस मिनिटं बोलले. त्यांनी फुलाला ताजमहाल म्हटलं. ताजमहालाची उंची दीड फूट होती आणि त्यावर एक मुंगळा चढत होता. बाबांनी शाल घेतली, नारळ माझ्याकडे दिला. टाळ्या वाजल्या. त्या थांबायच्या आत आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "वसंता, झालं ना आता मनासारखं? तीही सुटली, तूही सुटलास. मी रोह्याला पत्र घालते."

सगळे बाबांकडे बघायला लागले. मी नारळाची शेंडी धरून उभी होते. बाबांनी खिशातून पत्रक काढलं, घडी उलगडली आणि एका ओळीवर बोट ठेवून ते आप्पांच्या हातात दिलं.

"हे दोनदा फुलतं, आप्पा. तिने मागवलं होतं ते दोनदा फुलणारं. एकदा झालं."

आप्पांनी ओळ वाचली. चार समित्यांच्या अध्यक्षाला छापील नियमाविरुद्ध जाता येत नाही. "तसं आहे खरं," ते म्हणाले. आत्या पुढच्या आठवड्यात पेणला परत गेली. जाताना तिने पाटल्या काढून मला दिल्या आणि ती खूप रडली. आईची साडी बाबांनी स्वतः घडी घातली, तीही त्याच आठवड्यात, मला न विचारता. मी बघत होते. काही झालं नाही. साडीची घडी झाली, एवढंच.

दुसरं फूल आलं नाही. रोह्याच्या बाईंनी दोन वर्षं वाट बघितली आणि नागोठण्याला लग्न केलं. बोलावणं आलं होतं, आम्ही गेलो, बाबांनी त्यांना अबोलीचं रोप दिलं. माझं शिक्षण झालं, पदव्युत्तरही. बाबा दर शिमग्याला ओटा उकरून कंद वेगळे करत, त्यातला एक परत लावत आणि बाकीचे मंजुळाबाईला देऊन टाकत. पावसाळ्याआधी पत्रा बदलत. वीसएक वर्षं त्यांनी हे केलं आणि मग तेही गेले. सामान आवरताना ते पत्रक मला सापडलं, आणि ते पूर्ण मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. शेवटच्या परिच्छेदात वाटणी कशी करावी ते होतं. मोठे, भरलेले कंद ठेवावेत, पुढचं फूल त्यांना येतं. बारकी पिल्लं काढून टाकावीत. बाबा प्रत्येक शिमग्याला त्यातलं सगळ्यात बारकं पिल्लू निवडून लावत असत. मी स्वतः त्यांच्या हातात ते कितीदा दिलेलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी मी बेलपाड्याला गेले. मंजुळाबाई ओळखू येणार नाही इतकी वाकली होती. समोर चौदा मजल्यांची इमारत उभी राहत होती, पण मागचा गोठा अजून होता. गोठ्याच्या भिंतीला लागून, शेणाच्या ढिगापासून हातभर अंतरावर, त्या फुलांची तीस-चाळीस हात लांब रांग होती. सगळी फिक्कट चहाच्या रंगाची.

"वर्सातून दोनदा येतान," ती म्हणाली. "दिवालीला नी शिमग्याला."

"आम्हाला कधी बोलली नाहीस."

"तुज्या बापसाला म्हाईत व्हता. येऊन बगून जायचा. बोल्ला, घरी नको सांगू."

मी विचारलं, एवढी रांग कशाला ठेवलीस, त्याचा उपयोग काय. तिने जरा विचार केला. म्हशी त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपण घालावं लागत नाही, असं तिचं म्हणणं पडलं.